उभ्या गाडीचा हिशेब

रबाळ्याला आमच्या लॅबमध्ये एक खोली आहे,
बिनखिडकीची, कुठेही फट नसलेली.
तिच्यात गाडी लावायची, दाराच्या रबरात हवा भरायची
आणि तासभर मोजत बसायचं
काहीही न करता ती किती खर्च होते.

चालत्या गाडीचा धूर सगळ्यांना दिसतो.
त्याला पावती आहे, दंड आहे,
पंपाशेजारी पीयूसीवाल्याची टपरी आहे.
माझी नोकरी उभ्या गाडीची.

चावी फिरवून माणूस घरात जातो,
हातपाय धुतो, चहा मागतो.
कार्बोरेटर कुठे जाणार?
तापल्या सिलिंडरला खेटून बसलेला,
वारा थांबलेला,
आणि त्याच्या वाटीतलं पेट्रोल, चार चमचे फार तर,
कढत कढत
एका बारीक नळीतून निघून जातं.
नळी मुद्दामच ठेवलेली असते.
ती बुजवली तर वाटीचा जीव गुदमरतो,
गाडी चौकात बंद पडते, शिव्या मेकॅनिकला.

दिवागावचे हसुराम मढवी मार्चमध्ये आले.
फिटर. बेलापूर पट्टीतले तीन कारखाने
त्यांच्या हाताखालून बंद पडलेले.
सत्त्याण्णव सालची निळी स्कूटर ऐरोलीहून चालवत आणली
आणि इंजिन बंद न करताच म्हणाले,
"ताय, तापलेलीच आत घ्या.
निजतंय तवाच जास्त जातंय."
बारा वर्षं मी हे इंजिनीअरांना समजावतेय.

नळीच्या तोंडावर त्यांनी एक झडप बसवली होती,
पितळेची, बोटाच्या पेराएवढी,
आत बॉलपेनची स्प्रिंग.
गाडी थांबली की वाफेची वाट वळते
एका डब्यात. डब्यात करवंटीचा कोळसा,
अंगणात जाळून, वाफेवर धरून, स्वतः केलेला.
कोळसा रात्रभर वाफ पोटात ठेवतो,
सकाळी किक मारली की इंजिन ती मागून घेतं.
"उसनवारी," मढवी म्हणाले. "बुडत नाय."

पहिला आकडा आला चार ग्रॅम.
झडप नसतानाही एवढा येत नाही.
त्यांनी चष्मा पुसला. मी सांधे पाहिले,
टाकीचं झाकण, पाइप, क्लिपा.
सगळं कोरडं.
मग डिकी उघडली.

वर्तमानपत्राच्या कागदात कापराची पुडी.
"जयवंतीनं ठेवली असंल. पेट्रोलच्या वासानं
तिचं डोकं उठतंय."

आमच्या यंत्राला वास कळत नाही, कार्बन कळतो.
त्याच्या लेखी कापूरही उडणारा,
पेट्रोलही उडणारं,
दोघांची बेरीज एकाच रकान्यात.
मी हसले. ते हसले नाहीत.
कानाची पाळी लाल झाली होती.

पुडी बाहेर ठेवून पुन्हा फिरवून आणली, पुन्हा तास.
झडपेसकट: शून्य पूर्णांक चार.
झडप काढून: दोन पूर्णांक चार.
पाठ थोपटावी असा आकडा होता,
पण त्यांनी पावतीच्या मागची कोरी बाजू पुढे केली.
"दोन ग्रॅम. दिवसाला दोनदा. सव्वीस वरसां.
कवरं झालं?"

मी गुणाकार केला. उगाच केला.
अडतीस किलो.
बारा वर्षांच्या पोराचं वजन.

ते बराच वेळ त्या निळ्या पत्र्याकडे बघत राहिले.
"अंगणात लावायचो," म्हणाले,
"तिच्या खिडकीखाली."

त्यावर काय बोलायचं हे आमच्या मानकांत नाही.
मी शिक्का मारला, खाली सही केली,
झडपेची एक ढिली चकती दाखवली,
ती बदला म्हटलं.
त्यांनी मान हलवली, कापराची पुडी उचलली,
डिकीकडे नेलेला हात मधेच थांबला,
मग ती शर्टाच्या खिशात गेली.
"आता देवापुढंच लावू."

दार उघडलं. पंख्यानं खोली धुऊन काढली,
काटा शून्यावर आला,
पुढची गाडी आत घ्यायला हरकत नव्हती.
घणसोलीपर्यंत बसमध्ये
माझ्या ओढणीला कापूर येत होता.